नव्वद सेंटचे प्रल्हादराव

माझ्या ताईचे यजमान, प्रल्हाद भुस्कुटे, रविवारी सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, सेल फोनचं बिल वाचायला बसत. लोक पोथी वाचतात, हे बिल वाचत. पोथीला निदान फलश्रुती तरी असते. यांच्या वाचनाचं फळ एवढंच की घरातल्या सगळ्यांची सकाळ नासायची. ताई पुढ्यात पोहे ठेवायची, ते गार व्हायचे, आणि भाऊजी चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "रत्ना, हे नव्वद सेंट कशाचे?"

ताईला माहीत होतं कशाचे ते. मला माहीत होतं. ओक ट्री रोडवरच्या समोसेवाल्यालासुद्धा एव्हाना पाठ झालं होतं. २००४ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीने प्रत्येक फोनमागे महिन्याला नव्वद सेंटची फी बसवली. आग लागली, घरात चोर शिरला, कुणाच्या छातीत कळ आली, तर ९११ फिरवायचा, आणि पलीकडे उचलायला माणूस असावं, यंत्रं असावीत, म्हणून ही फी. त्या काळी नव्वद सेंटात एक समोसा यायचा, तोही आतून गार.

ही गोष्ट त्या नव्वद सेंटांची आहे आणि माझ्या ताईच्या जिवाची आहे. भाऊजींनी त्या दोन्ही गोष्टी एकाच तराजूत कशा घातल्या ते सांगते.

आधी माणूस सांगते. मी पद्मिनी, रत्नाताईची धाकटी बहीण, जर्सी सिटीत राहते, नदीपलीकडे बँकेत काम करते. आम्ही पुण्याच्या, भाऊजी नागपूरचे. नागपूरकर म्हणजे पाहुण्याला ताटावरून उठू न देणारी माणसं, असं आम्ही ऐकून होतो. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, पोरगी खाऊनपिऊन सुखी राहील. निघालं काय, तर पुण्याने ज्याच्याकडे शिकवणी लावावी असा जावई. विमा कंपनीत डेटाबेसचे मॅनेजर, एडिसनला लागून असलेल्या गावात टाउनहाउस, दारात दोन गाड्या. पण बर्गरच्या दुकानातून केचपच्या पुड्या खिशात घालून आणणार आणि दिवाळीच्या फराळाबरोबर त्याच वाटणार. माणूस वाईट नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. व्यसन नाही, तीस वर्षांत ताईवर आवाज चढवला नाही. पण पैसा सुटायचा म्हटला की चमडी जाईल पण दमडी जाणार नाही. मेहुणीला थट्टेचा हक्क असतो, तो मी पुरेपूर वापरत आले. भाऊजींना त्याचं काही वाटत नसे, कारण थट्टेला पैसे पडत नाहीत.

त्यांना एकच मुलगी, इशिता. जन्म इथलाच. तिने बापासारखं कॉम्प्युटर शिकावं म्हणून भाऊजींनी तिला कॉलेजात घातली. दोन वर्षांनी ती बाहेर पडली आणि गावाच्या ९११ च्या खोलीत नोकरीला लागली. पोलीस ठाण्यामागे एक बिनखिडक्यांची खोली, चार खुर्च्या, चार हेडफोन. लोक रडत, ओरडत फोन करतात आणि ही शांतपणे विचारते, तुम्ही कुठे आहात. मला तर अभिमान वाटला. भाऊजींना घेरी यायची बाकी होती.

"कॉल सेंटर," ते मला म्हणाले. "पद्मिनी, आमच्या ऑफिसने अर्धं काम पुण्याच्या कॉल सेंटरला पाठवलं. पुण्याची पोरं रात्रभर जागून इथल्या लोकांचे फोन घेतात. आणि माझी मुलगी, अमेरिकेत जन्मलेली, पासपोर्टवाली, ती इथे बसून फोन घेणार?"

"पण भाऊजी, ती जीव वाचवते."

"ते डॉक्टर वाचवतात. ही फोन उचलते."

महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं की ते सांगायचे, इशिता कम्युनिकेशनमध्ये आहे. लोकांना वाटायचं, टीव्हीवर असेल. पोरीच्या कानावर हे गेलं आणि ती गणपतीला मंडळात यायची बंद झाली. आणि गंमत पाहा, पोरीचा पगार ज्या खोलीतून येतो त्या खोलीच्या नावाने नव्वद सेंट कापले जातात, आणि बाप दर रविवारी त्या नव्वद सेंटांचं श्राद्ध घालतो. घरात दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर असत, पण भाऊजींच्या डोक्यात त्यांची गाठ कधी पडली नाही.

संक्रांतीला मंडळाचं हळदीकुंकू असतं, एका शाळेच्या जिमखान्यात, बास्केटबॉलच्या जाळीखाली. तिथे बायकांनी ताईला धरलं. ताई जुन्या वळणाची. नवऱ्याला नावाने हाक मारणं सोडाच, त्यांच्या पाठीमागेसुद्धा 'हे' आणि 'आमच्याकडे'. बँकेत सहीसाठी नवऱ्याचं नाव विचारलं तरी ती पर्समधलं कार्ड काढून दाखवायची. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. त्या वर्षी बायका म्हणाल्या, जुना उखाणा चालणार नाही, नवीन पाहिजे. ताईने क्षणभर वर जाळीकडे पाहिलं आणि म्हणाली,

"ओक ट्री रोडवर मिळतो काजू, केशर, बदाम,
नव्वद सेंटच्या नावाने प्रल्हादरावांना फुटतो घाम."

जिमखाना दणाणला. पलीकडे पुरुषमंडळी पेपर प्लेटमध्ये गुळपोळी खात होती, त्यांनीही ऐकलं. भाऊजी गुळपोळीचा घास घोळवत म्हणाले, "हसा, हसा. पण फोनमागे नव्वद सेंट म्हणजे वर्षाचे किती होतात ते मोजा." पुढे वर्षभर त्या उखाण्याला मागणी होती. ताई आढेवेढे घ्यायची आणि मग म्हणायची, आणि म्हणताना तिचे डोळे असे काही हसायचे की मला आमचं लहानपण आठवायचं.

त्याच वर्षी मार्चमध्ये ताईला पहिला झटका आला. दुकानाच्या पार्किंगमध्ये पिशव्या गाडीत ठेवता ठेवता तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हातातून कोथिंबिरीची जुडी गळून पडली, आणि दहा मिनिटांनी सगळं जसंच्या तसं. ती तर घरी जाऊन भाजी निवडायला बसणार होती, बरोबर असलेल्या इशिताने उचलून हॉस्पिटलात नेली. डॉक्टरांनी मला, भाऊजींना आणि इशिताला समोर बसवून सांगितलं. हा इशारा होता. पुढचा मोठा येऊ शकतो. आला की वाट बघायची नाही, गाडी काढायची नाही, ९११ फिरवायचा. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली की जेवढा उशीर तेवढं माणूस हातातून जातं. भाऊजींनी मान हलवली, दोनदा हलवली. औषधांना त्यांनी एक पैसा कमी केला नाही, हेही खरं आहे. ताईच्या फोनवर इशिताने एक बटण लावून दिलं, दाबलं की थेट ९११.

आणि मग भाऊजींनी ती करामत केली.

एका रविवारी पोहे गार होत असताना त्यांनी फोन कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. मी तिथेच होते, फोन स्पीकरवर होता. पलीकडून एक गोड आवाज आला, "धिस इज केली." भाऊजींनी केलीला नव्वद सेंटांवर व्याख्यान दिलं. केली सॉरी म्हणत होती. तेवढ्यात तिच्या मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, डबा उघडलाय, येतेस का?"

भाऊजी थांबले. "कुठून बोलतेस ग तू?"

उत्तर आलं ते खालच्या आवाजात, "काका, पुण्याहून. हडपसर. माझं नाव नीलांबरी. कॉल रेकॉर्ड होतो हो, प्लीज इंग्लिशमध्ये बोला."

पण एकदा काका म्हटल्यावर कोण इंग्लिशमध्ये बोलणार? गाव कुठलं, पाऊस झाला का, सगळं झालं. मग त्या पोरीला काकांची दया आली. ती म्हणाली, "काका, ही फी बिलाच्या पत्त्यावर लागते. व्हर्जिनियात पंचाहत्तरच सेंट आहे. तुमचं कुणी आहे का तिकडे?"

आहे का, म्हणजे काय? जगाच्या पाठीवर मराठी माणसाचं कुठे कुणी नाही? भाऊजींचा पुतण्या यतीन तिकडेच, हर्नडनला सॉफ्टवेअरमध्ये होता, व्हिसावर आलेला, एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहणारा. आणि भाऊजींच्याच फॅमिली प्लॅनवर. एक प्लॅन, चार फोन: भाऊजी, ताई, इशिता, यतीन. भाऊजींनी संध्याकाळच्या आत सगळा प्लॅन यतीनच्या पत्त्यावर हलवला. सगळ्यांचे नंबर व्हर्जिनियाचे झाले. प्रत्येक फोनमागे पंधरा सेंट वाचले. ते इतके खूश झाले की त्या दिवशी आम्हाला बाहेर जेवायला घेऊन गेले, आणि कूपन होतं तरी टिप दिली.

इशिताने ऐकलं आणि त्या आठवड्यात स्वतःचा वेगळा फोन घेतला, न्यू जर्सीचा, नव्वद सेंटवाला. "आय वर्क देअर, बाबा," एवढंच म्हणाली. प्लॅनवर तीन फोन उरले. आता महिन्याला पंचेचाळीस सेंटच वाचणार, याचं भाऊजींना मनापासून वाईट वाटलं.

तिथे थांबले असते तर ही नुसती थट्टेची गोष्ट झाली असती. पण घरच्या भिंतीवरच्या फोनचं बिल आलं, आणि त्यावरही तेच नव्वद सेंट. भिंत काही हर्नडनला नेता येत नव्हती. भाऊजी म्हणाले, काढून टाकू. सगळ्यांकडे सेल फोन आहेत, भिंतीवरचा फोन हवाय कुणाला?

इशिता त्या दिवशी कामावरून थेट घरी आली, युनिफॉर्मचा शर्ट अंगावर तसाच. मी स्वयंपाकघरात ताईबरोबर भेंडी चिरत होते, आम्ही दोघींनी सगळं ऐकलं.

"बाबा, लिसन. घरच्या फोनवरून कॉल आला की माझ्या स्क्रीनवर पत्ता येतो. आईला बोलता आलं नाही तरी मी माणसं पाठवू शकते. सेल फोनवरून आला की मला फक्त टॉवर दिसतो. एका टॉवरखाली अर्धं गाव असतं. मग आम्ही फोन कंपनीला विचारतो, बिल कुणाच्या पत्त्यावर जातं. आणि तू तर तो पत्ता व्हर्जिनियाला पाठवलास."

"मग नेमकी जागा दाखवणारं मशीन घ्या ना."

"पैसे नाहीत."

"मग माझे नव्वद सेंट जातात कुठे?"

"आय डोन्ट नो. आमच्या खोलीत तर अजून नाही आले. गुरुवारी टाउन हॉलमध्ये मीटिंग आहे, तिथे ये आणि हेच विचार, ओरडून विचार. आय विल क्लॅप फॉर यू. पण तो फोन काढू नको."

आता खरं ते खरं, भाऊजींचा प्रश्न बरोबर होता. संकटाच्या नावाने पैसे घ्यायचे आणि संकट निवारणाऱ्यांच्या हातात जुनीच यंत्रं ठेवायची, याला काय म्हणावं? जो तो म्हणतो, वर पाठवले, आणि वर गेलेला पैसा खाली येताना कुणी पाहिलेला नाही. विचारायलाच हवं होतं कुणीतरी. पण गुरुवारी भाऊजी मीटिंगला गेले नाहीत, कारण टाउन हॉलच्या पार्किंगला पैसे पडतात. शुक्रवारी त्यांनी फोन काढून टाकला. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, ते हेच. ताई म्हणाली, "अहो, राहू दे ना तो, मला सवय आहे त्याची." भाऊजी म्हणाले, "सवय बदलते, रत्ना." भिंतीवर फोनच्या जागी एक पांढरा चौकोन राहिला. ताईने तिथे गणपतीचं कॅलेंडर लावलं.

वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी दुपारी, ताई घरात एकटी होती. भाऊजी ऑफिसात. तिने गॅसवर वरणाचा कुकर चढवला आणि तिथेच उजवा हात गेला. खाली बसली, मग आडवी झाली. फोन डाव्या हाताला लागत होता. इशिताने लावून दिलेलं बटण तिने दाबलं. एवढं तिने अचूक केलं. बोलायला गेली तर शब्द नाही, नुसता घोगरा आवाज.

पुढचं मला इशिताने सांगितलं. कॉल तिच्याच खोलीत आला, पण उचलला शेजारच्या खुर्चीवरच्या डोरीनने. डोरीन वीस वर्षांची जुनी बाई, कामात वाघीण. तिने विचारलं, कुठे आहात. उत्तर नाही, घशातला आवाज, आणि मागे थांबून थांबून वाफेचा कर्कश सूं सूं. डोरीनने लिहिलं, गॅसगळती असावी, बंब तयार ठेवा. बंब तयार झाला. पण जाणार कुठे? टॉवरखाली एक मॉल, तीन अपार्टमेंटच्या वसाहती, दोन शाळा आणि हजारभर टाउनहाउसं. नंबर व्हर्जिनियाचा. डोरीनने फोन कंपनीला गाठलं, ताबडतोब पत्ता द्या म्हणून. कंपनीच्या माणसाने खात्री करायला उलट प्रश्न विचारले. मग पत्ता आला: हर्नडन, व्हर्जिनिया. न्यू जर्सीचा टॉवर आणि व्हर्जिनियाचं घर. डोरीनने कपाळाला हात लावला आणि खबरदारी म्हणून तिकडच्या पोलिसांनाही कळवलं.

हा सगळा वेळ इशिता तिच्यापासून हातभर अंतरावर होती. तिच्या कानाला दुसरा कॉल होता, एका बाईच्या तळघरात पाणी शिरलं होतं. तो संपवून तिने हेडफोन उतरवला, तेव्हा डोरीन दुसऱ्यांदा फोनवर म्हणत होती, "हर्नडन, व्हर्जिनिया. स्पेल दॅट फॉर मी." आणि डोरीनच्या स्पीकरवर कुकरची शिट्टी झाली.

इशिता म्हणते, मला नंबर बघावाच लागला नाही. तिने डोरीनचा माइक ओढला, घरचा पत्ता सांगितला, दाराजवळच्या कुंडीखाली किल्ली आहे ते सांगितलं, आणि मग त्याच लाइनवर मराठीत म्हणाली, "आई, मी आहे. येतायत. झोपू नको." पलीकडून घोगरा आवाज आला, मग कुकरची आणखी एक शिट्टी. अॅम्ब्युलन्स पोचेपर्यंत पोरगी बोलत राहिली. पोचल्यावर ती उठली, बाथरूममध्ये जाऊन ओकली आणि परत येऊन पुढचा कॉल घेतला, कारण बदली माणूस यायला वेळ होता.

इकडे हर्नडनला पोलीस अपार्टमेंटच्या मॅनेजरला किल्लीसकट घेऊन यतीनच्या दारात उभे. यतीन कानाला हेडफोन लावून पुण्याच्या टीमशी मीटिंग करत होता, दार वाजलेलं त्याला कळलं नाही. मॅनेजरने दार उघडलं. पोलीस बेशुद्ध बाई शोधत आत शिरले आणि बाईच्या ऐवजी त्यांना पाच गाद्या सापडल्या. भाडेपत्रावर नाव एकट्या यतीनचं, घरात राहणारे पाच इंजिनियर. एक जण तर कपाटामागून निघाला, त्याला वाटलं इमिग्रेशनवाले आले. यतीनला महिनाअखेर घर सोडावं लागलं. काकांच्या पंधरा सेंटांसाठी.

हॉस्पिटलात मी पोचले तेव्हा भाऊजी कॉरिडॉरमध्ये बसले होते, हातात सेल फोन, त्यावर यतीनचे कॉल येत होते आणि ते उचलत नव्हते. डॉक्टर बाहेर आले. जीव वाचला, ते म्हणाले. गुठळी विरघळवायचं औषध देता आलं. उजवा हात बहुतेक परत येईल. बोलण्याचं सांगता येत नाही. थोडं आधी आली असती तर, असं वाक्य त्यांनी सुरू केलं आणि इशिताकडे बघून अर्ध्यावर सोडलं.

भाऊजी रडायला लागले. मी त्यांची समजूत घातली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. दुसरं कुणी असतं तर पाण्याचा ग्लास आणून दिला असता, मी समोरच्या खुर्चीवर बसून त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. पाणी इशिताने आणून दिलं. बापाच्या खांद्यावर हातही तिनेच ठेवला. ज्याला तो माणूस फोन उचलणं म्हणायचा, ते करून ती तशीच युनिफॉर्ममध्ये आली होती.

त्यानंतर भाऊजींना उपरती झाली, आणि कंजूष माणसाची उपरती बघण्यासारखी असते. घरात फोन परत आला. एक नाही, दोन, वर आणि खाली. कस्टमर केअरला फोन करून त्यांनी प्लॅन परत न्यू जर्सीला आणला. पलीकडची मुलगी दुसरीच कुणी होती, तिने नियमाप्रमाणे सांगितलं, सर, फी पंधरा सेंटने वाढेल. "वाढू दे," भाऊजी म्हणाले. टाउन हॉलच्या प्रत्येक मीटिंगला जाऊ लागले, पार्किंगचे पैसे भरून. तीन मिनिटं बोलायला मिळतात, त्यात उभे राहून विचारायचे, आमचे नव्वद सेंट कुठे आहेत, माझ्या मुलीच्या खोलीत मशीन का नाही. समोरची मंडळी दर वेळी म्हणायची, थँक यू, मिस्टर बुस्कुट, नेक्स्ट. मशीन आलं नाही. मंडळात मात्र आता ते न विचारता सांगत सुटले, माझी मुलगी ९११ ला असते. लोक म्हणाले, अहो, ती कम्युनिकेशनमध्ये होती ना? भाऊजी खाली मान घालून म्हणायचे, तेच ते.

पण ताई बोलत नव्हती. हात सुधारला, पाय सुधारला, डावीकडे रेललेली का होईना, चालू लागली. सगळं कळत होतं तिला. शब्द मात्र एकही नाही. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपीला न्यायचो. थेरपिस्ट मेगन नावाची तरुण मुलगी होती, हसरी, चिवट. चित्रं दाखवायची, कप, कंगवा, मांजर. ताई ओठ हलवायची, घाम यायचा तिला, आणि बाहेर नुसता 'आ'. मग डोळे मिटून घ्यायची. हळदीकुंकवात जिमखाना दणाणून सोडणारी माझी बहीण.

थंडी सरत आली होती. त्या दिवशी आम्ही तिघंही बरोबर गेलो होतो, भाऊजी, इशिता, मी. मेगन म्हणाली, चित्रं राहू देत, आज घरची माणसं. तिने भाऊजींकडे बोट केलं. हे कोण? यांचं नाव काय?

इशिता म्हणाली, "शी नेव्हर सेज हिज नेम."

"नेव्हर?" मेगनला वाटलं, भांडण आहे.

इशिताने सांगितलं, आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. फक्त उखाण्यात घेतात, यमक जुळवून. हे ऐकून मेगन खुर्चीत पुढे सरकली. यमक असेल, पाठ असेल, तर उत्तमच, ती म्हणाली. बोलणं गेलेल्या माणसाला पाठ असलेली गाणी, ओळी कधी कधी म्हणता येतात. तू पहिली ओळ म्हण, दुसरी तिला म्हणू दे.

इशिताचं मराठी अमेरिकन, पण तो उखाणा तिला पाठ होता. मंडळात यायची ती बंद झाली होती, तरी ताईने घरी भांडी लावताना म्हणून दाखवला होता. ती आईचा हात धरून सावकाश म्हणाली, "ओक ट्री रोडवर मिळतो काजू, केशर, बदाम..."

ताईने भाऊजींकडे पाहिलं. ओठ हलले. गळ्याची शीर ताठ झाली. 

"नव्वद," ताई म्हणाली.

पाच महिन्यांतला पहिला शब्द. स्वच्छ, खणखणीत, व आणि द सकट. पुढे जायला तिने धडपड केली, पण सेंट आलं नाही, प्रल्हादराव आलं नाही, घाम आला नाही. "नव्वद," ती परत म्हणाली, आणि बरा झालेला उजवा हात उचलून तिने भाऊजींच्या छातीवर बोट टेकवलं. "नव्वद." मग ती हसली, अर्ध्या तोंडाने, पण डोळे पूर्वीसारखेच.

इशिता रडत होती. मेगन टाळ्या वाजवत होती, तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिने पेन उचललं आणि भाऊजींना विचारलं, "इज दॅट युवर नेम, सर?"

मेहुणीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते मी गिळलं. भाऊजींनी ताईचं ते बोट आपल्या दोन्ही हातांत धरलं.

"येस," ते म्हणाले. "दॅट इज माय नेम."

मेगनने ते लिहून घेतलं.